अण्णांची तीन सेलची बॅटरी

मागच्या जानेवारीत गावाहून निघताना आईने पिशवीत कांदे, लसूण, मेथीच्या दोन जुड्या आणि सगळ्यात वर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बॅटरी ठेवली. म्हणाली, "बघ हिचं काही होतंय का, नाहीतर नवी घेऊन दे, पण नवी ते वापरायचे नाहीत, तुला माहितीये." आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात ते सेल, म्हणून इथे पण तसंच लिहितेय.

गाव निफाड तालुक्यात, दीड एकर द्राक्षबाग, बाकी कांदा न् थोडा गहू. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी आली की अण्णा बारा-साडेबाराला स्टार्टर टाकायला विहिरीवर जातात, आणि थंडीचा कडाका वाढला की पहाटे चारला पण उठावं लागतं, बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू करायचं, नाहीतर मणी तडकतात. शेजारच्या वावरात ऊस. ऊस म्हटलं की आमच्या पट्ट्यात बिबट्या आलाच, दर वर्षी कुणाचं तरी कुत्रं नाहीतर वासरू जातं. आणि बागेत खाली पालापाचोळा, त्यात घोणस पडलेली असली तर दिवसा दिसत नाही, रात्री कुठून दिसणार. अण्णांचं वय अडुसष्ट. त्यांनी ही बॅटरी घेऊन मेथीच्या वाफ्याशी उभं राहून मला दाखवली तेव्हा उजेड पाच-सहा पावलांवर संपत होता, पिवळा, करपलेल्या चपातीसारखा. सेल आदल्याच दिवशी नवे घातलेले. तेव्हाच मी ठरवलं की हे काम हातात घ्यायचं.

मी अंबड एमआयडीसीत पॅनल वायरिंगला आहे, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर हे रोजचंच, तरी पण एवढीशी वस्तू मला तीन आठवडे पुरली आणि त्यात मला जे कळलं ते सगळं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण गावोगावी घराघरात खिळ्याला अशी एक बॅटरी लटकलेली असते आणि लोक नुसते सेल बदलत राहतात.

तर बॅटरी पितळी बॉडीची, वर निकेलचं पॉलिश, ते हाताच्या जागी पूर्ण उडालेलं आणि तिथे पितळ दिसतं, अण्णांच्या अंगठ्याची जागा तर गुळगुळीत झालेली. तीन मोठे सेल, सरकवायचा स्विच, आत आट्यांचा बल्ब, त्याच्या कडेला बारीक अक्षरात ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर. पहिली गोष्ट मी बल्बला हात न लावता मीटर काढला. सेल नुसते मोजले तर तिघांचे मिळून ४.६ च्या वर. बॅटरी चालू ठेवून सेलवर मोजले तर ४.२, ठीक आहे, साध्या सेलचं लोडवर एवढं उतरतंच. आणि बल्बच्या टोकाला मोजलं तर ३.१. म्हणजे एक व्होल्टच्या वर मधेच कुठेतरी खाल्ला जात होता, आणि फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड त्याच्या कितीतरी जास्त पटीने उतरतो, २० टक्के व्होल्टेज गेलं तर निम्मा उजेड गेला असं धरा. अण्णा वर्षभर नवे सेल आणत होते आणि निम्मा उजेड गंजाला देत होते. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, खरं सांगते.

मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर, कधीतरी सेल पाझरलेला. झाकणाच्या आट्यांमध्ये काळी माती न् तेलकट घाण. करंट त्या आट्यांमधूनच बॉडीत जातो, तिथे माती असली तर सेल कितीही चांगला घाला. जुन्या साध्या सेलचं पाझरलेलं आंबट असतं म्हणून खायचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने घासलं, मग कोरड्या कपड्याने पुसून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आटे, स्विचची पट्टी, बल्बचं बूड असं सगळं चकचकीत केलं. स्प्रिंग लोखंडी, तिच्यावर भरवसा नाही, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तांब्याची विणलेली वायर सोल्डर करून टाकली, आता करंट तांब्यातून जातो आणि स्प्रिंग फक्त दाबायचं काम करते. परत मोजलं, बल्बवर ३.९.

मुलाला स्टुलावर मोबाईल धरून बसवलं, लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं अ‍ॅप टाकलं, बरोब्बर दोन मीटरवर खुणेची चिकटपट्टी लावली. मोबाईलचा आकडा अगदी खरा नसतो पण आपल्याला आधीचं आणि नंतरचं तोलायचंय, तेवढ्याला चालतो. साफ करायच्या आधी ६० आला होता, आता १३५. एक रुपयाचा पार्ट न बदलता दुप्पट उजेड! ज्यांना बाकी काही करायचं नसेल त्यांनी एवढं जरी केलं ना तरी पुष्कळ आहे.

पण १३५ ने माझं समाधान होईना, कारण डोळ्यासमोर तो ऊस होता.

मग भद्रकालीत एका जुन्या हार्डवेअरवाल्याकडे गेले, तिथे अजून बॅटरीच्या काचा, रिफ्लेक्टर, बल्ब सुटे मिळतात. रिफ्लेक्टर मला घ्यावाच लागला कारण घरचा मी पुसायला गेले आणि कापडाने आतला चकाकता थर ओरबाडला गेला, त्याला बोटसुद्धा लावू नये, धूळ फक्त फुंकरीने काढावी हे मी आता कधी विसरणार नाही. तिथेच एलईडीचा तयार बल्ब मिळाला, त्याच आट्यांचा, जुना काढायचा नवा फिरवायचा. आणला, लावला, उजेड पांढराशुभ्र, घरात सगळे खूश. गच्चीवर जाऊन समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर मारला तर मधोमध काळपट भोक आणि भोवती फिकट कडं. लक्स ११०, साफ केलेल्या जुन्या बल्बपेक्षा पण कमी.

कारण समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. जुन्या बल्बची तार चहूबाजूंनी उजेड फेकते आणि रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर फोकस धरून बनवलेला असतो. एलईडी फक्त पुढच्या बाजूला फेकतो, मागे अंधार. शिवाय या तयार बल्बमध्ये एलईडी तारेच्या जागेच्या चांगला तीन मिलिमीटर वर बसलेला, म्हणजे बराचसा उजेड रिफ्लेक्टरला न शिवताच बाहेर पसरत होता. खोलीत उजेड पडावा एवढंच हवं असेल तर तो बल्ब बरा, लांबचं बघायचं असेल तर उपयोग नाही.

म्हणून मग मोठा एलईडी घेतला, तीन वॉटवाला, अ‍ॅल्युमिनियमच्या चांदणीसारख्या चकतीवर बसवलेला मिळतो तो, २० मिलिमीटरची चकती. एमजी रोडला घेतला. जवळून बघितलं तर मधोमध पिवळा ठिपका दिसतो, ती फॉस्फर, खालचा चिप निळा असतो आणि निळा अधिक पिवळा मिळून पांढरा दिसतो. हा निळा एलईडी बनवायलाच जगाला इतकी वर्षं लागली आणि तो बनवणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मी मुलाला सांगितलं तर तो म्हणे एवढ्याशा ठिपक्याला? हो, एवढ्याशा ठिपक्याला.

आणि तो ठिपका मी चार मिनिटात जाळला. झालं असं की बल्बच्या जागी प्लास्टिकचा होल्डर होता, त्यावरच एलईडी चिकटवला, चालू केला, डोळे दिपले, मुलगा ओरडला आई बघ बघ, आणि आम्ही गच्चीवर फिरवत बसलो. थोड्या वेळाने उजेड निळसर झाला, वास आला, आणि गेला. जुनी तार दोन-अडीच हजार डिग्रीला तापते आणि तशी तापली तरच उजेड देते, तिची गरमी समोरच्या बाजूने निघून जाते. एलईडीची गरमी चिपच्या पोटात, मागच्या बाजूला साठते, दोन वॉट दिले तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग गरमी, ती काढून न्यायला मागे धातू पाहिजे. प्लास्टिकवर बसवलेला एलईडी म्हणजे गोधडीत गुंडाळलेला माणूस.

आता धातू कुठला. ऑफिसात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे मिळाले असते, पण माझ्या डोक्यात आलं की तांबं गरमी जवळजवळ दुपटीने वाहून नेतं आणि आपण राहतो नाशिकमध्ये, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या गावात. शनिवारी भांडी बाजारातून पुढे तांबट लेनमध्ये गेले. लहानपणी आजीबरोबर कळशीला पोचे काढायला आले होते तेव्हा पूर्ण गल्ली ठोक्यांनी दणाणायची, आता थोडीच दुकानं ठोकतात. एका काकांपुढे बॅटरीचं डोकं ठेवलं आणि म्हटलं, "काका, याच्यात घट्ट बसेल अशी चकती पाहिजे, तांब्याची, तीन मिलिमीटर जाड, आणि कडेने बॉडीला टेकली पाहिजे, फट नको." त्यांनी डोकं हातात घेऊन आतून बोट फिरवलं, मग उजेडाकडे धरून आत बघितलं. म्हणाले, "भांड्याचा पत्रा एवढा जाड नसतो ताई. थांबा." आतून जुन्या बंबाच्या बुडाचा तुकडा आणला, काळाकुट्ट, त्याच्यातून दोन चकत्या कापल्या, कानसीने कडा घासून घासून बॅटरीत घालून बघत होते, घालायचे, काढायचे, कुठे काळं लागलंय बघायचे, तेवढंच घासायचे. मग दोन्ही चकत्यांना आतून कल्हईचा हात दिला, एकावर एक ठेवून तापवल्या आणि चिमट्याने दाबून धरल्या, कथील वितळून दोन्ही एक झाल्या. तीन मिलिमीटरला थोडी कमी. वरची बाजू दगडावर घासून आरशासारखी सपाट करून दिली कारण मी सांगितलं होतं की एलईडी त्याच्यावर पूर्ण टेकला पाहिजे, हवा राहता कामा नये. मधे वायरीसाठी दोन भोकं. दोनदा ठोकून बसवली तर अशी बसली की उलटी करून हलवली तरी आवाज नाही. पैसे त्यांनी तांब्याच्या वजनाचे आणि मजुरीचे मिळून एकशेवीस घेतले, आणि विचारलं हे कशासाठी. सांगितलं तर म्हणाले, "वडिलांना म्हणावं बंबाचं तांबं आहे, गरमीची सवय आहे त्याला."

त्यावर थर्मल पेस्टचा, म्हणजे गरमी वाहून नेणाऱ्या मलमाचा पातळ हात, त्यावर एलईडी, दोन बारीक स्क्रू. अर्धा तास सलग चालू ठेवली, डोकं हाताला चहाच्या ग्लासासारखं कोमट-गरम लागलं, आणि तेच पाहिजे होतं, गरमी बाहेर येतेय म्हणजे आत साठत नाहीये. बॅटरीचं डोकं गार आणि एलईडी गरम असेल तर समजायचं मधे कुठेतरी फट आहे.

आता सेलचं बघू. या एलईडीला तीनच्या वर थोडे व्होल्ट लागतात पण करंट बल्बच्या दुप्पट, साध्या सेलनी तो दिला असता पण फार वेळ नाही, त्यात निफाडच्या थंडीत साधे सेल आणखी मलूल होतात. म्हणून लिथियमचे १८६५० सेल घ्यायचे ठरवले, नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत, बऱ्याच ई-बाईकमध्ये हेच असतात. ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला की ४.२.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एका दुकानात मला ९९०० एमएएच (सेल किती साठवतो त्याचं माप) छापलेले सेल दिले, जोडी दोनशेला. या मापाच्या सेलमध्ये आजच्या घडीला ३५०० ते ४००० म्हणजे डोक्यावरून पाणी, ९९०० असूच शकत नाही. घरी येऊन किचनच्या वजनकाट्यावर ठेवला, २७ ग्रॅम. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आत काय असेल ते असेल, पण वजनच नाही तर माल कुठून असणार. परत करायला गेले तर वाद झाला, पैसे मिळाले नाहीत, पण अण्णांच्या हातात असला सेल मी देणार नव्हते. लिथियम सेलचा भडका उडतो तो बघितलाय मी कामावर. मग खात्रीच्या माणसाकडून २६०० चे दोन घेतले, वजन ४६ आणि ४६.

दोन कशाला, तर नळीत तीन मोठ्या सेलची जागा आहे, जवळजवळ साडेअठरा सेंटिमीटर. दोन १८६५० शेजारी-शेजारी मावत नाहीत, नळी तेवढी रुंद नाही, पण एकापुढे एक ठेवले तर १३ सेंटिमीटर आणि मागे पाच सेंटिमीटर उरतात, तिथे चार्जिंगची पट्टी. मात्र एकापुढे एक ठेवून नुसते टेकवले तर व्होल्टेजची बेरीज होते, जवळजवळ साडेआठ व्होल्ट, ड्रायव्हर (एलईडीला ठरावीकच करंट सोडणारी छोटी पट्टी, त्याचं पुढे सांगते) उडाला असता. मला व्होल्टेज तेवढंच ठेवून टाइम दुप्पट करायचा होता, म्हणून निकेलच्या पट्ट्या लांबवून प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून घेतले. जोडायच्या आधी दोन्ही पूर्ण भरून एकसारखे केले, एक भरलेला आणि एक रिकामा असा जोडला तर एकातून दुसऱ्यात एकदम करंट धावतो. आणि सेलवर सोल्डरिंग गन मी अजिबात लावली नाही, गरमीने आतलं बिघडतं. ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, त्याच्याकडून निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंग करून आणल्या, पन्नास रुपये. वर इन्सुलेशन पेपर, त्यावर स्लीव्ह, आणि भोवती वायरिंगचा पीव्हीसी पाइप म्हणजे नळीत खुळखुळ नको.

चार्जिंगला टीपी४०५६ नावाची छोटी पट्टी, पंचवीस-तीस रुपयाला मिळते, प्रोटेक्शनवाली घ्यावी, म्हणजे सेल फार रिकामा झाला की आपोआप तोडते. एक अँपिअरने भरते, आमचे दोन सेल मिळून ५२०० म्हणजे पूर्ण भरायला साडेपाच-सहा तास. मागच्या झाकणाला टाइप सीचं भोक पाडलं आणि त्याला रबरी बूच. एक अडचण आली, दोन्हीकडे टाइप सी असलेल्या केबलने चार्जच होईना, मला वाटलं पट्टी खराब, दुसरी लावली तरी तेच. मग कळलं या स्वस्त पट्ट्यांवर दोन बारीक रेझिस्टर दिलेलेच नसतात त्यामुळे नवा चार्जर ओळखत नाही. चार्जरकडच्या टोकाला जुनी चपटी पिन असलेली केबल लावली की लगेच लाल दिवा. अण्णांना तशीच केबल घेऊन दिली आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली, की बॅटरीची हीच.

मधे बसतो ड्रायव्हर. तो ऑनलाइन मागवला, ७१३५ नावाच्या चिपचा, एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, दोन चिपचा घेतला म्हणजे ७००. सेल ४.२ वर असो की ३.५ वर, एलईडीला ७००च मिळतात, त्यामुळे उजेड शेवटपर्यंत एकसारखा, जुन्यासारखा हळूहळू म्हातारा होत नाही. आणि ५२०० ला ७०० ने भागलं तर सात तासांच्या वर, दोन रात्री निघतात.

पहिल्यांदा मात्र मी पाच मोडवाला ड्रायव्हर लावला होता. जास्त, मध्यम, कमी, मग लुकलुक, मग एसओएस. मला वाटलं अण्णांना सोयीचं होईल. दिली नेऊन. दुसऱ्या दिवशी फोन. बागेत जाताना स्विच मागे-पुढे झाला आणि बॅटरी लुकलुकायला लागली, हात थंडीने आखडलेले, परत बंद-चालू करावं तर दुसरंच काहीतरी सुरू होतंय, आणि तेवढ्यात उसाकडून काहीतरी खसखसलं. काही नव्हतं, पण ते तिथे तसे उभे होते अंधारात हातात लुकलुकणारी बॅटरी घेऊन. म्हणाले, "बाई, मला एकच पाहिजे. सरकवली की लागली." त्या रविवारी जाऊन एकाच मोडचा घातला. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाच्या हातात पाच मोड देऊ नयेत असं माझं आता ठाम मत आहे.

तेव्हाच त्यांनी अजून एक सांगितलं जे मी घरी बसून कधी ओळखलं नसतं. म्हणाले, उजेड लई आहे पण माती कळत नाही. मला कळेना. रात्री बरोबर गेले. एलईडी कूल व्हाइट होता, निळसर पांढरा, आणि त्याच्यात ओली माती, वाळकं पान, ठिबकची नळी, सगळं एकसारखं राखाडी. घोणस तर रंगानेच पाल्यात लपते. वर पहाटेचं धुकं, तो पांढरा झोत उलटून डोळ्यावर यायचा. मग कमी निळसर असा नॅचरल व्हाइटमधला घेतला, ४००० केल्विनचा, लक्स १४०० वरून ११५० वर आले पण पानाचा तपकिरी आणि मातीचा तपकिरी वेगळा दिसायला लागला. मी तो उतरलेला आकडा आनंदाने सोडला.

फोकस बसवायला मात्र दोन रात्री गेल्या. रिफ्लेक्टरचं खालचं भोक गोल कानसीने मोठं केलं, म्हणजे एलईडी खोल बसतो, आणि मधे जाड पुठ्ठ्याच्या चकत्या घालून अर्धा-अर्धा मिलिमीटर वर-खाली करत बसले. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा त्याला फार छान, एकसारखा जाड असतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण तेवढ्याने मधलं काळं भोक जाऊन घट्ट गोळा होतो. त्या पुठ्ठ्याचं दुसरं काम, रिफ्लेक्टर धातूचा आहे, तो एलईडीच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट. म्हणून पुठ्ठा हवाच.

आता ६० वरून ११५०, एकोणीस पट झाला, पण अंतर एकोणीस पट होत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा राहतो. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा म्हणजे पाव लक्स उजेड किती लांबपर्यंत पोचतो असा हिशोब मांडला तर आधी ३१ मीटर यायचं, आता १३५. चारपटीहून थोडं जास्त. विहिरीपासून उसाच्या कडेपर्यंत आमच्याकडे साधारण ८० मीटर आहे. मला तेवढंच पाहिजे होतं, पुढे काय करायचंय.

आणि एक, बॅटरी कमरेजवळ धरून जनावराचे डोळे चमकलेले दिसत नाहीत. त्यांच्या डोळ्याच्या मागे आरशासारखा पडदा असतो, उजेड ज्या बाजूने आला त्याच बाजूला परत पाठवतो, म्हणून बॅटरी आपल्या डोळ्याशेजारी, खांद्यावर धरून मारायची. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले आमचे आजोबा पण बॅटरी कानाजवळ धरायचे, मला वाटायचं त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. मी बांधावर उभी राहून खांद्याशी धरून फिरवली आणि खरंच, शेवग्याखालून दोन हिरवे ठिपके चमकले, शेजारच्यांचं मांजर. कमरेला नेली, ठिपके गेले. परत खांद्याला, परत आले. अण्णांनी घेऊन तीन-चार वेळा करून बघितलं.

खर्च सगळा धरून, जाळलेला एलईडी आणि ते खोटे सेल पण धरून, हजाराच्या वर गेला. त्यात नवी बरी बॅटरी येते. पण नवीला अण्णांच्या अंगठ्याची जागा नसती. तक्रार त्यांची एकच राहिली, हलकी झाली म्हणतात, आधीचे तीन सेलच पावकिलोच्या वर भरायचे, आता दोन मिळून शंभर ग्रॅम पण नाही, डोक्याकडे तांबं गेलंय त्यामुळे पुढे झुकते. पाठीमागच्या झाकणात शिशाचा तुकडा बसवायचाय मला, जागा मोजून ठेवलीये.

परवा रात्री साडेदहाला फोन आला. मी दचकून उचलला. म्हणाले, "लाल दिवा गेला न् निळा लागलाय. काढू का आता?"

"काढा अण्णा, भरली."

"बूच लावतो," म्हणाले. "साडेअकराची लाइट आहे."